‘हे सगळं ३२५ साली ठरवलं’ म्हणणाऱ्या भावाशी काय बोलू?

पत्र: मी सव्वीस वर्षांची, वसईच्या पश्चिम पट्ट्यात राहते, पतपेढीत नोकरी करते. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याने मिस्साला येणं सोडलं. झावळ्यांच्या रविवारी जेवताना म्हणाला, ‘येशू नावाचा माणूस झालाच नाही. बायबल ३२५ साली एका राजाने बसवलं आणि आपल्याला पोर्तुगिजांनी बाटवलं. संपला इतिहास.’ आई रडायला लागली, पप्पा ताटावरून उठले. मला राग आला, पण एकाही गोष्टीचं उत्तर देता आलं नाही. माझ्या श्रद्धेला काही आधार आहे, की या घरात जन्मले म्हणून मानते? तपासायचं तर कुठून सुरुवात करू? आणि तपासता तपासता श्रद्धाच गेली तर?
– थोरली बहीण, वसई

उत्तर:

तुमच्या भावाने एका दमात तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. त्यातली एक चुकीची आहे, एक अर्धी चुकीची आहे आणि एक बरीचशी खरी असूनही मुद्द्याला लागू होत नाही. तिन्ही एकत्र अंगावर आल्या म्हणून तुम्ही गांगरलात. तेव्हा दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र पान द्या. येशू होऊन गेला का? त्याच्याबद्दलचा मजकूर आपल्यापर्यंत धड पोचला का? तो मेलेल्यांतून उठला का? देव आहे का? या चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या जातीच्या पुराव्यावर ठरतात. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या पानावर लिहिला की गोंधळ झालाच म्हणून समजा.

पोर्तुगिजांचा मुद्दा आधी उरकू. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, मिशनरी आले, देवळं पडली. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चाललं, मधली थोडी वर्षं सोडून. हे भावासमोर लपवू नका, झाकू नका. पण एखादी गोष्ट आपल्या घरात कशी आली आणि ती खरी आहे का, हे दोन प्रश्न निराळे. छडीच्या धाकाने पाठ केलेला पाढा त्यामुळे चुकीचा ठरत नाही आणि लाडाने शिकवलेली चूक बरोबर ठरत नाही. हेच तुमच्या ‘या घरात जन्मले म्हणून’ला लागू आहे आणि भावाच्या व्हिडिओंनाही.

यावर आपल्याकडची काही मंडळी उलट उत्तर देतात: आम्ही पोर्तुगिजांच्याही आधीचे, येशूच्या बारा शिष्यांपैकी प्रेषित बार्थोलोम्यू स्वतः कल्याणला आला होता. जपून. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत, म्हणजे त्या काळी भूमध्य समुद्राकडचा माणूस इथे येऊ शकत होता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी लिहितो की ‘कल्लियाना’त ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमला जातो, ते आपलंच कल्याण असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मिशनरी मारले गेले, हे तर पक्कं आहे. पण ‘येऊ शकत होता’ आणि ‘आला’ यांत अंतर आहे, आणि बार्थोलोम्यूच्या बाबतीत ते भरून काढणारा पुरावा हाती नाही. ‘शक्य’ला ‘घडलं’ म्हणण्याची ही चूक पुढे पुनरुत्थानाच्या पानावरही होणार आहे, दोन्ही बाजूंनी. इथे ती ओळखायला शिका.

आता ३२५. भावाचा ‘राजा’ म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. त्या वर्षी नायसियाच्या धर्मपरिषदेत वाद होता तो आरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीचा: पुत्र (येशू) हा पित्याच्याच (देवाच्याच) सत्त्वाचा, की निर्माण केलेला? बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची, हा तिथल्या निर्णयांचा विषय नव्हता. चारच शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक, योहान या नावांची येशूची चरित्रं) का, यावर बिशप इरेनियस १८०च्या सुमारास, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या जन्माच्याही आधी, लिहून गेला होता. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, नेमक्या सत्तावीस पुस्तकांची यादी बिशप अथनासियसच्या ३६७च्या पत्रात मिळते. मधल्या काळात इब्रींस पत्र, याकोबाचं पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण यांच्यावर मतभेद होते, तेही मान्य करा. कॉन्स्टंटाइनने बिशप युसेबियसकडून बायबलच्या पन्नास प्रती मागवल्या हे खरं आहे. पण प्रती मागवणं म्हणजे मजकूर रचणं नव्हे.

‘झालाच नाही’ हा दावा सगळ्यांत कच्चा. प्राचीन इतिहासाचे जवळजवळ सगळे अभ्यासक, नास्तिक धरून, येशू होऊन गेला आणि यहूदियाचा रोमन सुभेदार पिलात याच्या अमलात क्रुसावर मेला हे मानतात. का मानतात ते कळायला हवं, नुसतं ‘तज्ज्ञ म्हणतात’ पुरत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस ११६च्या सुमारास रोमच्या ६४ सालच्या आगीबद्दल लिहिताना सांगतो की तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. त्याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, म्हणून त्याच्या साक्षीला वजन. ज्यू इतिहासकार योसेफस ९३-९४ साली दोनदा उल्लेख करतो. पहिल्या उताऱ्यात ‘तो ख्रिस्त होता’ असं वाक्य आहे आणि ते ख्रिस्ती नकलकाराने घुसडलेलं आहे: योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असं तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन स्पष्ट लिहितो. त्या उताऱ्याचा गाभा अस्सल असावा हे बहुतेकांचं मत, पण त्यावर फार भार टाकू नका. दुसरा उल्लेख ओझरता आहे: ६२ साली मारलेला याकोब, ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’. तो जास्त भरवशाचा, कारण त्यात कौतुक नाही, फक्त ओळख आहे.

आणि सगळ्यांत जवळचा साक्षीदार पौल, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत. गलतीकरांस पत्र, पहिला अध्याय, अठरा आणि एकोणीस ही वचनं उघडा. तो सांगतो की यरुशलेमला जाऊन मी केफाजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. केफा म्हणजे पेत्र. वचन भक्तीचं नाही, हिशेबाचं आहे. आपण कुणाचे किती मिंधे आहोत हे तो भांडणाच्या भरात सांगतोय. ज्याचा भाऊ भेटतो तो माणूस कल्पनेतला नसतो.

वस्तूंचा पुरावा कसा वापरायचा, यासाठी आपल्याच इतिहासातली घंटा घ्या. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. वाईजवळ मेणवलीत कृष्णेच्या काठी टांगलेल्या घंटेवर आजही मरिया आणि बाळ येशू दिसतात. ती घंटा सांगते की ती चर्चची होती. ती तिथे कशी पोचली, हे मोहिमेच्या इतिहासावरून कळतं. त्या लढाईत देव कुणाच्या बाजूने होता, हे घंटा सांगत नाही आणि कागदही सांगत नाहीत. पिलाताच्या शिळेचं हेच. १९६१ साली इस्राएलमधल्या कैसरियाच्या रोमन नाट्यगृहात, पायरीसाठी पुन्हा वापरलेला चुनखडीचा दगड सापडला, साधारण ८२ सेंटिमीटर बाय ६५. अक्षरं अर्धी झडलेली, तरी दुसऱ्या ओळीत पिलाताचं नाव वाचता येतं आणि तिसरीत त्याचा यहूदियातला हुद्दा. पिलात होता, एवढं तो दगड सिद्ध करतो. त्याच्यापुढे उभा राहिलेला कैदी तिसऱ्या दिवशी उठला, हे नाही. ‘पुरातत्त्वाने बायबल सिद्ध केलं’ असा मेसेज आला की ही घंटा आठवा आणि पुढे पाठवू नका.

मजकुराचं पान. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत, हा आकडा प्रवचनांत फार फिरतो. त्यातली बहुतेक नवव्या शतकानंतरची आहेत हे सांगायचं राहून जातं. सगळ्यांत जुन्या तुकड्यांपैकी एक, योहानाच्या अठराव्या अध्यायाचा, मँचेस्टरला आहे: तळहातात मावेल एवढा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, दुसऱ्या शतकातला. प्रती जास्त असल्याचा फायदा असा की नकलकाराची चूक पकडता येते. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत केली, तीच रीत. ताडल्यावर काय निघालं? मार्काच्या सोळाव्या अध्यायाची ९ ते २० ही वचनं चौथ्या शतकातल्या दोन्ही थोर हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. तळटीपा असलेलं बायबल घेतलंत तर हे तिथेच छापलेलं दिसेल, कुणी लपवलेलं नाही. पण हेही ध्यानात ठेवा: प्रत शुद्ध आहे म्हणजे मूळ लेखकाला काय म्हणायचं होतं ते कळलं. तो खरं बोलत होता का, हे वेगळ्या पानावर.

पुनरुत्थानाच्या पानावर मात्र घाई नको. निम्मी वही त्यालाच द्या.

आधी अंतर मोजायला शिका. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ला जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर मेले आणि तिथेच असलेल्या लुईस फ्रोइस या पोर्तुगीज मिशनऱ्याने त्याच वर्षी त्याचा वृत्तांत लिहिला. अंतर महिन्यांचं. येशूचा मृत्यू ३०च्या आसपास, पौलाची पत्रं साधारण ५०पासून, मार्क ७०च्या आसपास, मत्तय आणि लूक ८०-९०, योहान शतकाच्या अखेरीस. म्हणजे वीस ते सत्तर वर्षं. फ्रोइसइतकं जवळ नाही, आणि दंतकथा म्हणून झटकण्याइतकं लांबही नाही.

पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, तिसऱ्या वचनापासून, पौल म्हणतो की जे मला मिळालं तेच मी तुम्हाला सांगितलं. ‘मिळालं’ आणि ‘पुढे दिलं’ हे तोंडी शिकवण पोचवण्यासाठी तेव्हा वापरले जाणारे शब्द. आपल्याकडे परंपरेने आलेलं जसं शब्दशः पाठ देतात तसं. पुढे यादी येते: केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सगळे प्रेषित, शेवटी मी. पत्र ५४च्या सुमाराचं, पण ही यादी त्याहून जुनी. आता ते पंधरा दिवस पुन्हा आठवा. यादीतल्या दोघांना, केफा आणि याकोब यांना, पौल प्रत्यक्ष भेटला होता आणि तेही घटनेला दहा वर्षं होण्याच्या आत. म्हणून ‘पुनरुत्थानाची कथा शंभर वर्षांनी रचली’ हे टिकत नाही. पहिल्या काही वर्षांतच लोक हे सांगत होते.

इथे दोन्ही बाजूंचे लोक कुठे घसरतात ते बघा. श्रद्धावान म्हणतो, पाचशे साक्षीदार! पाचशे साक्षी आपल्याकडे नाहीत. पाचशे जणांनी पाहिलं असं सांगणारा एक माणूस आहे. चार शुभवर्तमानं म्हणजे चार स्वतंत्र साक्षी, हेही नाही: मार्काच्या ६६१ वचनांपैकी सुमारे ६०० मत्तयात वेगवेगळ्या रूपात आलेली आहेत. ‘सगळे प्रेषित यासाठी मेले’ हेही तपासून बोला. जब्दीचा मुलगा याकोब, येशूचा भाऊ याकोब, पेत्र आणि पौल यांच्या मरणाला जुना आधार आहे. बाकीच्यांच्या कथा बऱ्याच नंतरच्या. आणि एखाद्या गोष्टीसाठी मरणं यातून माणसाची निष्ठा कळते, गोष्ट खरी असल्याचं कळत नाही.

तुमचा भाऊ म्हणेल, भास झाले असतील. हा पोकळ आक्षेप नाही. जवळचं माणूस गेल्यावर ते दिसल्याचा, बोलल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. पेत्राच्या बाबतीत हे पटू शकतं. पौलाच्या बाबतीत अडतं, कारण तो शोकात नव्हता, तो या लोकांचा छळ करत होता. याकोबाचंही अडतं: येशू हयात असताना त्याचे भाऊ त्याला मानत नव्हते, असं योहान सांगतो. आणखी एक अडचण मला सगळ्यांत वजनदार वाटते. मेलेला गुरू दिसला तर त्या काळच्या ज्यू माणसाकडे त्यासाठी शब्द होते: त्याचा आत्मा देवाजवळ आहे, त्याचा दूत दिसला. ‘पुनरुत्थान’ हा शब्द त्यांनी जगाच्या अंती सगळ्यांसाठी राखून ठेवलेला होता. एकाच माणसाचं, आत्ता, आणि तेही टांगलेला शापित असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात म्हटलेलं असताना क्रुसावर मेलेल्याचं पुनरुत्थान ही कुणी अपेक्षिलेली गोष्ट नव्हती. ती कल्पना त्यांना कशामुळे सुचली, हा प्रश्न भासाच्या स्पष्टीकरणानेही पूर्ण सुटत नाही.

दुसऱ्या पारड्यातही प्रामाणिकपणे टाका. पौल रिकाम्या कबरेचा थेट उल्लेख करत नाही. कबरेपाशी गेलेल्या स्त्रिया मार्कात तीन, मत्तयात दोन, योहानात नावाने एक. लूकात दर्शनं यरुशलेम परिसरात, मत्तयात शिष्यांना गालीलात. मत्तय म्हणतो, त्या वेळी पुष्कळ पवित्र जनांच्या कबरी उघडल्या आणि ते नगरात अनेकांना दिसले. इतर कुणीही हे नोंदवत नाही. आणि जन्मकथेतली शिरगणती: लूक सिरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याचं नाव घेतो, ती शिरगणती इ. स. ६ची, तर मत्तयाप्रमाणे जन्म हेरोद राजाच्या हयातीत, आणि हेरोद इ. स. पूर्व ४ साली मेला. हे जुळवायचे प्रयत्न खूप झाले, मला त्यातला एकही समाधानकारक वाटत नाही. भावाने विचारलं तर असंच सांगा. ओढून-ताणून दिलेल्या एका उत्तरापायी तुमच्या बाकीच्या दहा खऱ्या उत्तरांवरचा त्याचा विश्वास उडेल.

पारडं कुठे झुकतं? ते चौथ्या पानावर अवलंबून आहे. तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ साली मांडलेला आक्षेप थोडक्यात असा: मेलेला माणूस उठत नाही हा अनुभव इतका पक्का आहे की साक्षीदार चुकला असण्याची शक्यता नेहमीच जास्त. भावाने बेजचा सिद्धांत (नव्या पुराव्याने आधीची शक्यता किती बदलते ते मोजणारा) शिकला असेल, त्याला या भाषेत सांगा: आधीची शक्यता शून्य धरली तर कितीही पुरावा ओतला तरी उत्तर शून्यच. ती शून्य धरायची का, हे ‘देव असू शकतो का’ यावर ठरतं. त्यासाठी तेराव्या शतकातला धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचा युक्तिवाद नीट समजून घ्या, कारण तो बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं त्याचं म्हणणं नाही. तसं असतं तर ‘मग देवाला कुणी केलं?’ हा प्रश्न बिनतोड होता. तो म्हणतो, जे स्वतःच्या बळावर टिकत नाही त्याला आत्ता, या क्षणी आधार लागतो. अल्तारासमोर साखळीला टांगलेला दिवा बघा. कड्या दहा असोत की हजार, तुळईत हूक नसेल तर दिवा खाली. यावर ‘विश्व स्वतःच हूक असेल’ असं उत्तर देता येतं आणि ते मूर्खपणाचं नाही. मला स्वतःला ते अपुरं वाटतं. पण हा युक्तिवाद पटला तरी तो फार तर हुकापर्यंत नेतो, नाझरेथपर्यंत नाही. दुःखाचा प्रश्नही याच पानावर लिहा. समुद्रावर गेलेली होडी परत येत नाही तेव्हा किनाऱ्यावरच्या बाईला यातला कुठलाही युक्तिवाद ऐकवू नये.

माझं मत विचारलंत तर: पुनरुत्थान इतिहासाने सिद्ध झालं असं म्हणणं खोटं आहे. आणि ज्याला देव शक्य वाटतो त्याने या पुराव्यावर ते मानणं, हे डोळे मिटून मानणं नाही.

श्रद्धा गेली तर, असं तुम्ही विचारलंत. काही गोष्टी जातील, हे खरं. ज्या वचनाला लहानपणी बोट लावून वाचलं त्याच्याखाली ‘जुन्या प्रतींत नाही’ अशी तळटीप दिसली की पोटात खड्डा पडतो. त्या दिवशी निष्कर्ष काढू नका, फक्त नोंद करा आणि आठवडा जाऊ द्या. प्रार्थना चालू ठेवा. ती सोडणं ही तपासाची अट नाही. फादरांकडे जा, पण ‘माझी श्रद्धा डळमळते आहे’ असं मोघम सांगू नका. तीन प्रश्न अध्याय-वचनासकट कागदावर लिहून द्या आणि अर्धा तास मागून घ्या. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

भावाबरोबर आठ रविवार ठरवा, दुपारी तास-दीड तास, आईपप्पांसमोर नाही. बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) कडेला बसलात तरी चालेल, मोबाइल मात्र घरी. पहिल्या रविवारी मार्क सलग, सोळाही अध्याय, आळीपाळीने मोठ्याने. या एका दिवशी दोन तास काढा. दुसऱ्या रविवारी गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी येशूच्या दुःखसहनाचे चार वृत्तांत शेजारी-शेजारी: मार्क १४-१५, मत्तय २६-२७, लूक २२-२३, योहान १८-१९. जुळतं ते निळ्या पेन्सिलीने, जुळत नाही ते लाल. दोन्ही रंग दोघांनीही वापरायचे, म्हणजे एक वकील आणि एक फिर्यादी अशी वाटणी होणार नाही. पाचवा आणि सहावा रविवार करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाला. सातवा देवाच्या प्रश्नाला. आठवा भावाचा: त्याला सगळ्यांत अवघड वाटणारा आक्षेप त्याने मांडायचा आणि तुम्ही तो मधे न तोडता लिहून घ्यायचा.

पहिल्या रविवारी एक करा. मार्काच्या सोळाव्या अध्यायात आठव्या वचनावर थांबा. जुन्या प्रती तिथेच संपतात: स्त्रिया कबरेपासून पळत सुटतात, थरथरतात, भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. पुस्तक मिटा, आणि पहिल्यांदा भावाला बोलू द्या.